गोल्फचें मैदान आणि दुर्मिळ आजाराची वर्गणी

पनवेलहून रोह्याकडे जातांना आपट्याच्या पुढें जिते हें लहानसें स्थानक लागतें, आणि त्याच्यापुढें हमरापूर. गणपतीच्या मूर्तींसाठीं प्रसिद्ध असलेला हा पेण तालुक्याचा मुलूख. येथून गेलेली मूर्ति शहरांतल्या मंडपांत बसण्यापूर्वींच तेथें वर्गणीचें पावतीपुस्तक फिरून आलेलें असतें. तेव्हां दहा घरांनीं थोडथोडें देऊन मोठें काम तडीस कसें न्यावें, हें महाराष्ट्रांत कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु गोल्फ खेळून एखाद्या दुर्मिळ मेंदूविकारासाठीं पैसा उभारतात असें सांगितलें, तर पुष्कळांना तें श्रीमंतांचें खूळ वाटतें. वस्तुतः तीहि वर्गणीच होय.

हिंदुस्थानांत हा खेळ १८२९ सालींच कलकत्त्यास रुजला. चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. रायगड जिल्ह्यांतहि खारघर येथें सिडकोनें केलेलें मैदान आहे. धर्मार्थ सामन्याच्या दिवशीं बहुधा चौघाचौघांचे गट पाडतात आणि प्रत्येक गट प्रवेशशुल्क भरतो. चेंडू ज्यांत टाकावयाचा त्या अठरा खळग्यांपाशीं व्यापारी पेढ्यांचे फलक लावून त्यांचे पैसे निराळे घेतात. सायंकाळीं भोजन आणि वस्तूंचा लिलाव. खेळ चार-पांच तास संथपणें चालत असल्यामुळें, ज्यांच्या हातीं पैसा आहे अशा माणसांशीं बोलावयास भरपूर अवधि मिळतो, हें त्यांतलें खरें इंगित. बक्षिसें आणि मेजवानी यांतच जमा संपली, तर मात्र तो नुसता खेळच राहिला. म्हणून खर्च वजा जातां शिल्लक किती, हें देणारानें नि:संकोच विचारावें.

हा पैसा लागतो कशाला? मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलांतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं अग्रवाल समाजांतील मुलांमध्यें आढळलेल्या एका विकाराची नोंद केली. यांत मुलाचें डोकें पहिल्या वर्षांतच प्रमाणाबाहेर वाढतें. मूल उशिरा कां होईना, चालूं लागतें. पण पुढें वर्षानुवर्षें त्याचा तोल ढळत जातो, अवयव ताठरतात, फेफरें येतें. डोक्यास किरकोळ मार लागला तरी प्रकृति एकाएकीं खालावूं शकते. १९९५ सालीं हॉलंडमधील डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनीं हाच विकार सविस्तर वर्णिला, आणि २००१ सालीं त्यास कारण होणारा जनुक सांपडला. जनुकाचा दोष आई व बाप या दोघांकडूनहि आला तरच मूल आजारी पडतें. आईबाप स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास हा धोका चारांत एक इतका असतो.

रोग बरा करणारें औषध अद्याप नाहीं. मग निदानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पहिल्या मुलाचें निदान ठरलें, तर त्याचें डोकें जपतां येतें, आणि दुसऱ्याच्या वेळीं गर्भावस्थेंतच तपासणी करतां येते. न ठरलें, तर आईबाप कांहींच न जाणतां दुसऱ्या मुलाची वाट पाहतात.

औषधाच्या शोधासाठीं मोठा पैसा जमलाच नाहीं असें नाहीं. २०१४ सालीं डोक्यावर बर्फाचें पाणी ओतून दान देण्याची टूम अमेरिकेंतील गोल्फपटूंत चालू होती. फ्लोरिडांतील एकानें ती ए. एल. एस. या मेंदू व मज्जारज्जूच्या विकाराकडे वळविली. तेथील एका संस्थेकडे सुमारें साडेअकरा कोटि डॉलर आले, आणि त्या पैशाच्या आधारें चाललेल्या शोधांतून २०१६ सालीं एका नव्या जनुकाचा पत्ता लागला. असें भाग्य क्वचितच एखाद्या रोगास लाभतें.

आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय धोरणांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारखीं केंद्रें नेमलेलीं आहेत, आणि मदतीची मर्यादा पुढें रोग्यामागें ५० लाख रुपयांपर्यंत गेली. पण ती यादींतल्या रोगांपुरती. जित्यासारख्या गांवांतून असें मूल घेऊन निघालेल्या आईबापांना मुंबईचे हेलपाटे, मेंदूचें एम. आर. आय. चित्र आणि तिघांच्या रक्ताची जनुकतपासणी, एवढें आधीं पार पाडावें लागतें. गोल्फच्या एका दिवसाची शिल्लक औषधाच्या शोधास अपुरी पडते. या खर्चास ती पुरते.