ब्राउझर कोण बसवून देतो?

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून गिरगावच्या बाजूने निघालात की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण सुटे भाग घ्यायला येणारा माणूस ते नाव घेत नाही. रेडिओ-ट्रान्झिस्टरच्या काळापासून हा मुंबईचा विजेच्या वस्तूंचा बाजार. नव्वदच्या दशकात त्यातल्या गाळ्यांमध्ये संगणक आले. मदरबोर्ड एका दुकानातून, मॉनिटर दुसऱ्यातून, कॅबिनेट तिसऱ्यातून असा जमवलेला ‘असेंबल्ड पीसी’ टॅक्सीत घालून परळ-लालबागच्या चाळीत न्यायचा, ही त्या काळातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांची मोठी खरेदी होती. पीसी जोडणारा मुलगा विंडोज ‘मारून’ द्यायचा, मराठी फाँट टाकायचा, अँटिव्हायरस टाकायचा. ब्राउझर मात्र कोणी मागून घेत नसे. विंडोजबरोबर येई तोच चाले.

फुकटचा एखादा ब्राउझर एकाएकी लाखो लोकांच्या हातात कसा जातो, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या कंपन्यांच्या लढायांइतकेच या गाळ्यांकडे आणि स्टेशनबाहेरच्या रिचार्जवाल्यांकडे बघावे लागते. ‘फुकट आणि चांगला, म्हणून पसरला’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. ब्राउझर सुरुवातीची थोडी वर्षे सोडली तर सगळेच फुकट होते, आणि लॅमिंग्टन रोडवर तर विंडोजही पुष्कळदा फुकटच मिळे. जिथे सगळेच फुकट, तिथे फुकटपणाला किंमत राहत नाही. वाढीचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

मुंबईपुरता आरंभ फोर्टात, महात्मा गांधी रस्त्यावरच्या विदेश संचार भवनात झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच्या सहाच दिवस आधी, ९ ऑगस्टला, नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे समभाग अमेरिकेच्या बाजारात आले होते आणि सारे जग त्या आकड्यांकडे बघत होते. आपल्याकडे चित्रांसहित इंटरनेट दाखवणारे खाते महाग होते. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर नुसती अक्षरे दिसत, आणि लिंक्स नावाच्या अक्षरी ब्राउझरवर काम भागवावे लागे. त्या पहिल्या पिढीतला मुंबईचा सर्वांत प्रसिद्ध वापरकर्ता म्हणजे मलबार हिलवर राहणारे शम्मी कपूर. ‘इंटरनेट युजर्स कम्युनिटी ऑफ इंडिया’ ही संस्था त्यांनी पुढाकार घेऊन उभी केली. इंटरनेट ही सर्वांच्या उपयोगाची चीज आहे, हे त्यांनी आपल्या बहुतेक पुढाऱ्यांच्या आधी ओळखले होते.

नेटस्केप फार टिकला नाही. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजमध्येच घालून दिला आणि २००२-०३ पर्यंत जगातल्या दहापैकी नऊहून अधिक संगणकांवर तोच होता. मग त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही, आणि कंपनीने त्याच्याकडे लक्ष देणे जवळपास सोडले. सहाव्या आवृत्तीला भोके पडत गेली. एखादे पान उघडावे आणि जाहिरातींच्या दहा खिडक्या अंगावर याव्यात, असा तो काळ होता. दादरच्या एखाद्या ‘सायबर’मध्ये तासाचे पैसे मोजून बसलेल्या मुलाचा निम्मा वेळ त्या खिडक्या बंद करण्यात जाई. जून २००४ मध्ये एक्सप्लोररमधून पसरणाऱ्या एका हल्ल्यानंतर अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणेने, दुसरा ब्राउझर वापरणे हाही एक उपाय आहे, असे लिहून ठेवले.

फायरफॉक्स १.० आला तो ९ नोव्हेंबर २००४ ला. नेटस्केपने १९९८ मध्ये आपला सोर्स कोड जगासाठी खुला केला होता. त्याच रोपाचे हे झाड. जाहिरातींच्या खिडक्या तो आपोआप अडवी आणि एकाच खिडकीत अनेक पाने उघडू देई. पण सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी काढून १६ डिसेंबर २००४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची दोन पानी जाहिरात छापली, ही गोष्ट मला त्या गुणांहून मोठी वाटते. वर्षभराच्या आत डाउनलोडची संख्या दहा कोटींवर गेली. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा एका दिवसात ८०,०२,५३० डाउनलोड झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. प्रचार करणारे बहुतेक जण पगारी नव्हते. मित्राच्या, काकांच्या, ऑफिसातल्या संगणकावर तो बसवून देणारी ही माणसे होती. आपल्याकडे हेच काम फॉरमॅट मारायला घरी येणाऱ्या मुलाने केले. पुन्हा पुन्हा व्हायरस काढायला यावे लागू नये म्हणून तो स्वतःच म्हणे, ‘काका, निळं चिन्ह सोडा, हे नारिंगी दाबा.’

मराठी वाचकाची मात्र यात मोठी अडचण झाली, आणि तिच्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या खासगी फाँटात असे. अनेक भारतीय भाषांतली वृत्तपत्रे ‘डायनॅमिक फाँट’ वापरत. पानाबरोबर फाँटही उतरे आणि वाचकाला वेगळे काही बसवावे लागत नसे. पण हे तंत्र मायक्रोसॉफ्टचे होते, त्यामुळे पान नीट दिसे ते एक्सप्लोररमध्येच. फायरफॉक्समध्ये तोच अग्रलेख म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून दाखवणारे ‘पद्म’ नावाचे एक्स्टेन्शन निघाले, पण ते ठाऊक असणारे थोडेच. युनिकोडमधले मराठीही सरळ दिसत नसे. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय आधी चालू करावी लागे, त्यासाठी मूळ सीडी लागे, आणि ती केली नसेल तर फायरफॉक्समध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. इंग्रजी वाचणाऱ्यासाठी जो ब्राउझर सुटका होता, तो मराठी वाचणाऱ्यासाठी किती काळ शिक्षा होती! सरकारी अर्जांच्या पानांवरही ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ अशा सूचना असत. त्यामुळे गिरगावातल्या ज्या घरात मुलगा फायरफॉक्स वापरी, त्याच घरात मराठी पेपर वाचण्यासाठी बाबांचे निळे चिन्ह टिकून राहिले.

खरी उसळी संगणकावर आलीच नाही. ती फोनवर आली, आणि पैशांच्या हिशोबाने आली.

नोकियाच्या साध्या फोनवर जीपीआरएस चालू करून इंटरनेट बघणाऱ्यांना तो हिशोब पाठ असेल. पॅक नसेल तर दहा केबीला दहा पैसे, हा प्रीपेडवरचा तेव्हाचा सर्रास दर. म्हणजे एक एमबीला दहा रुपये. तीनशे केबीचे एक पान उघडले की तीन रुपये गेले. नॉर्वेतल्या ऑपेरा कंपनीने जानेवारी २००६ मध्ये जगभर खुला केलेला ऑपेरा मिनी इथे उपयोगी पडला. तो पान थेट फोनवर आणत नसे. आधी ते कंपनीच्या सर्व्हरवर जाई, तिथे चित्रे लहान होत, मजकूर दाबून बसवला जाई, आणि पुष्कळदा दहावा हिस्सा एवढाच ऐवज फोनवर येई. तीन रुपयांचे पान तीस पैशांत. लालबाग-परळच्या ज्या पोराचा रिचार्जच दहा-वीस रुपयांचा असे, त्याला ब्राउझरच्या गुणदोषांवर याहून वेगळे काही ऐकायची गरज नव्हती.

त्यात एक मराठीची युक्तीही होती. स्वस्त फोनांत देवनागरी फाँट नसे, अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी एक सांकेतिक शब्द टाइप केला की लपलेली सेटिंग्ज उघडत. त्यात क्लिष्ट लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा एक पर्याय होता, तो ‘हो’ करायचा. मग मराठी मजकूर सर्व्हरवरच चित्र म्हणून काढला जाई आणि चित्र म्हणून फोनवर येई. पैसे थोडे जास्त जात, पण चौकोनांचे शब्द होत. जाहिरातीत नसलेली ही युक्ती तोंडातोंडी पसरली, आणि ज्याला ती येई त्याच्यासमोर आपापले फोन धरून चार जण उभे राहत. परदेशी कंपनीच्या लपलेल्या सेटिंगमधून मराठी वाचण्याची वाट निघावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

ऑपेराची जागा यूसी ब्राउझरने घेतली. तो बनवणारी कंपनी चीनमधल्या ग्वांगझूची, २०१४ मध्ये अलिबाबाने ती विकत घेतली. अँड्रॉइडचे स्वस्त फोन आले, मेमरी कार्ड आली, आणि लोकांना पान वाचण्यापेक्षा गाणी-चित्रपट उतरवून घ्यायचे होते. तुटलेले डाउनलोड यूसी जिथल्या तिथून पुन्हा सुरू करी. लोकलमध्ये नेटवर्क येते-जाते अशा शहरात एवढे एक वैशिष्ट्य पुरेसे होते. २०१५च्या सुमारास भारतात मोबाइलवरच्या ब्राउझिंगमधला निम्म्याहून अधिक वाटा यूसीचा असल्याचे स्टॅटकाउंटरचे आकडे दाखवत. त्याच वर्षी मे महिन्यात टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने दाखवून दिले की हा ब्राउझर वापरणाऱ्याची खासगी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर धाडतो. त्याने वापर लगेच घटला नाही. वाचवलेला रुपया दिसतो, गेलेली माहिती दिसत नाही.

घटला तो दोन निराळ्या कारणांनी, आणि पहिले कारण गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडले. १ सप्टेंबर २०१६ रोजी न्यू मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओची घोषणा झाली आणि चार दिवसांनी सेवा सुरू झाली. डेटाच स्वस्त झाल्यावर डेटा वाचवणाऱ्या ब्राउझरची गरज संपली. दुसरे कारण २९ जून २०२० चे. गलवानच्या संघर्षानंतर भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिओने आपला जिओपेजेस हा ब्राउझर नव्या रूपात आणला. त्यात आठ भारतीय भाषा होत्या, मराठीसह.

बिर्ला मातुश्री सभागारातलीच २०१७ ची रिलायन्सची सभा या विषयात मला सर्वांत बोलकी वाटते. २०१४ मध्ये, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची फायरफॉक्स ओएस ही कार्यप्रणाली असलेले फोन भारतात आले. इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना होता. ते चालले नाहीत आणि मोझिलाने तो प्रयत्न आवरता घेतला. त्याच खुल्या कोडवरून पुढे कायओएस झाली. २१ जुलै २०१७ रोजी या सभागारात १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जो जिओफोन जाहीर झाला, तो कायओएसवर चालणारा होता. कंपनीच्या सांगण्यानुसार तो दहा कोटींहून अधिक लोकांकडे गेला. म्हणजे ज्या घराण्याचा ब्राउझर १,९९९ रुपयांच्या फोनमध्ये कोणी घेतला नाही, तोच तीन वर्षांनी कोट्यवधींच्या हातात गेला, आणि आपण फायरफॉक्सच्या वंशजाला हात लावतो आहोत हे त्यातल्या कोणाला कळलेही नाही. तंत्र तेच होते, हातात ठेवणारा बदलला.

आज हातात ठेवणारा गूगल आहे. क्रोम २ सप्टेंबर २००८ ला आला तेव्हा खरोखर वेगवान होता आणि त्याचे कौतुक रास्त होते. पण आज भारतातले दहापैकी आठाहून अधिक ब्राउझिंग क्रोमवर होते, ते वेगामुळे म्हणणे कठीण आहे. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीच असतो. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, त्यातला एक आक्षेप अ‍ॅप आधीच लादण्याचाच होता. हा आदेश योग्य होता असे माझे ठाम मत आहे. लॅमिंग्टन रोडवरचा मुलगा निदान ‘हे टाकू का?’ असे विचारत तरी होता.

इंग्रजी वाचणाऱ्याला कुठलाही ब्राउझर चालतो. आपले तसे नव्हते, आणि पूर्णपणे तसे आजही नाही. म्हणून वाचकांना दोन गोष्टी करायला सांगतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ शोधा, तिथे कोणाचे नाव आहे बघा, आणि दुसरा एखादा महिनाभर वापरून पाहा. जो वापराल त्याची भाषा मराठी करा. फायरफॉक्सचे मराठी रूप स्वयंसेवकांनी घडवलेले आहे आणि ते काम मोझिलाच्या पॉन्टून या संकेतस्थळावर कोणालाही करता येते. घरात चांगले मराठी लिहिणारे निवृत्त शिक्षक असतील, तर त्यांना तिथे खाते उघडून द्या.