नऊ वर्षांचा उशीर

चौदाव्या वर्षी माझा मामेभाऊ आठवडाभर जवळपास न झोपता अकलूजच्या घोडेबाजारात हिंडला. मग महिनाभर अंथरुणातून उठला नाही. घरचे म्हणाले, ‘वयात येतोय.’ निदान झालं तेविसाव्या वर्षी.

द्विध्रुवी विकाराचे पहिले झटके पंधरा ते वीस या वयात सर्वाधिक येतात, हे एमिल क्रेपेलिन यांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं. सुरुवात जितक्या कोवळ्या वयात, तितका उपचाराला उशीर होतो. कारण पहिला झटका बहुधा नैराश्याचा असतो आणि उन्मादाला आपण वांडपणा समजतो. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी उन्माद उसळूही शकतो. पुढे झटके वारंवार येतात, आत्महत्येचा धोका वाढतो.

लिथियमचा गुण १९४९पासून ठाऊक आहे. म्हणून कुणाच्या पोराबद्दल ऐकलं, की मी आधी विचारतो : झोपतो किती?