नव्या फिशटँकचे पाणी : घाई नको, विरजण हवे

मुलांच्या हट्टाखातर आज अनेक घरांत फिशटँक येतो. सकाळी टाकी आणायची, दुपारी नळाचे पाणी भरायचे व संध्याकाळी मासे सोडायचे, अशी बहुतेकांची रीत असते. आमच्या घरीही तेच झाले. आठवड्याभरात आठांपैकी सहा मासे दगावले. आम्ही दुकानदाराला दोष दिला. पण धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, पाणी तर किती स्वच्छ होतं, मग ते मेले कसे?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याची घाण जमते. कल्ल्यांवाटे तो अमोनिया बाहेर टाकतो. विष्ठा व उरलेले खाद्य कुजले की त्यात भरच पडते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, मात्र माशांचे कल्ले जाळतो.

निसर्गाने यावर उपाय योजला आहे. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्रॅडस्की यांनी १८९०च्या सुमारास हे कार्य उलगडून दाखविले. यांपैकी नायट्राइटही घातकच असते. त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते व पाणी बदलून कमी करता येते.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर व काचेवर वस्ती करतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. पुरेशी वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. दूध आहे, पण विरजण नाही, अशी नव्या टाकीची अवस्था असते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ते माशांना व या उपयुक्त जिवाणूंनाही मारते. पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालविणारे औषध प्रमाणात टाकावे.

२) परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे ओलेच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावेत. हेच ते विरजण. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो.

३) आरंभी मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो व जिवाणूंची वाढ सुरू होते. तपासणीच्या थेंबांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही वाढून पुन्हा शून्यावर आलेले दिसले की दोन-तीनच मासे सोडावेत. बाकीचे पुढे हळूहळू वाढवावेत.

४) दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

५) दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावते, म्हणजे साधारण एक बादली झाली. मासे धापा टाकू लागले तर आठवड्याची वाट न पाहता लगेच पाणी बदलावे.

६) स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळावा. सगळी टाकी रिकामी करून घासून काढणे म्हणजे महिन्याची कमाई एका दिवसात घालविणे होय.

आमचे उरलेले दोन मासे रोज थोडे पाणी बदलल्यामुळे वाचले. नवे मासे मात्र आम्ही दीड महिन्यानंतरच आणले. तोवर मुलगी वहीत रोज तपासणीचे आकडे लिहीत असे. ज्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आले, त्या दिवशी तिनेच सांगितले, "बाबा, आता पाणी खरंच स्वच्छ झालं."