राय, ज्वारी आणि एक बाटली

मागच्या वर्षी व्हर्जिनियात मुलीकडे गेलो होतो. एका रविवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, आज तुम्हाला जॉर्ज वॉशिंग्टनची भट्टी दाखवतो." सौ.ला वाटले, लोहाराची असेल. तिथे 'राय'ची व्हिस्की करतात हे कळल्यावर ती म्हणाली, "मोहरीची दारू?" तर ही राय म्हणजे आपली राई नव्हे. गव्हाच्या कुळातले, कडक थंडी सोसणारे, हलक्या जमिनीतही तग धरणारे हे धान्य आपल्याकडे कुणी पेरत नाही.

माउंट व्हर्ननच्या वाड्यापासून तीनेक मैलांवर पिठाची गिरणी आणि शेजारी ही भट्टी. जेम्स अँडरसन या स्कॉटिश कारभाऱ्याने धन्याच्या मागे लागून १७९७ मध्ये ती सुरू केली. साठ टक्के राय, पस्तीस टक्के मका आणि पाच टक्के मोड आणलेले सातू. १७९९ मध्ये पाच तांब्याच्या भांड्यांतून जवळजवळ ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली. उरलेल्या चोथ्यावर डुकरे पोसली जात. राबत होते ते गुलाम : हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमथी. १८१४ मध्ये भट्टी जळाली, ती २००७ मध्ये पुन्हा उभी केली. आता तिथे जुन्याच रीतीने थोडीशी व्हिस्की गाळतात.

माझे लक्ष मात्र पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ शेतकऱ्यांकडे गेले. बँकेतली सवय, दुसरे काय! पिकवलेली राय घोड्यावर लादून डोंगरापलीकडच्या बाजारात नेली, तर भाड्यातच सगळे संपे. तिचीच दारू केली की सहापट धान्याची किंमत एका घोड्याच्या पाठीवर मावे. १७९१ मध्ये सरकारने दारूवर कर बसवला, आणि तोही रोखीने. वर्षभर भट्टी चालवणाऱ्या मोठ्याला तो गॅलनमागे हलका पडे, मोसमापुरती भट्टी लावणाऱ्या शेतकऱ्याला जड. १७९४ मध्ये बंड झाले, तेव्हा मोडायला फौज घेऊन निघाले ते खुद्द वॉशिंग्टन. तीन वर्षांनी त्यांनीच ही मोठी भट्टी घातली!

परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत मी काही वर्षे होतो. ऐन काढणीत पाऊस लागला की हायब्रीड ज्वारी काळी पडे. मग व्यापारी सांगेल तो भाव. म्हणून २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन द्यायचे ठरवले, तेव्हा मी त्या बाजूचा होतो. डॉ. अभय बंग यांच्यासारखी माणसे विरोधात उभी राहिली. मला तो शहाण्यांचा हट्ट वाटला. कागदावर माझा हिशेब चोख होता.

भट्टीतल्या त्या आंबूस वासाने मात्र एक बाई आठवली. ज्वारीची पट्टी नवऱ्याच्या खात्यात जमा झाली त्या दिवशी ती काउंटरशी आली. "साहेब, पैसे त्यांच्या हातात देऊ नका. पोरांच्या तोंडात पडू द्या." खाते त्याच्या एकट्याच्या नावावर होते, सही जुळत होती. मी समजुतीचे चार शब्द बोललो आणि पैसे त्याला दिले. नियमाप्रमाणेच दिले. आठवड्याने ती उसनवारीसाठी आमच्या शिपायाच्या घरी आली होती, असे कळले.

हे मी सौ.लासुद्धा कधी सांगितले नव्हते. परतताना गाडीत सांगितले. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही त्याला चार दिवसांनी ये म्हणायला हवं होतं."

"चार दिवसांनी काय झालं असतं?"

"चार दिवस झाले असते."

जावईबापूंनी बाटलीचे विचारले होते, मी नको म्हणालो. सौ.ने गिरणीवरचे मक्याचे पीठ घेतले होते. रात्री तिने भाकऱ्या थापल्या. पीठ भरड, त्यामुळे तव्यावर टाकताना प्रत्येक भाकरी तुटत होती.