आभाळावर कुणाचा सातबारा?

बुलडाणा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या वस्त्यांतली आपली मुले विमान पाहतात ते मान वर करून. पण बांधवांनो, आता विमान शिकवणाऱ्या जागा फार दूर नाहीत. मलकापूरशेजारच्या जळगावची 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी निवड केली. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था 2024 मध्ये जाहीर झाली. गोंदियाच्या बिरसीवर तर कित्येक वर्षे शिकाऊ विमाने उडत आहेत. त्या विमानांत आपली पोरे बसणार, की आपण फक्त धावपट्टी झाडणार?

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना जात विचारत नाही. वय 18 पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम व तांत्रिक विषयांचे पेपर, रेडिओचा परवाना आणि 200 तासांचे उड्डाण, एवढे तो मागतो. यात आपली पोरे कमी पडणारी नाहीत. कमी पडतो तो पैसा!

हा खर्च आज 40 लाखांच्या वर जातो. फुरसतगंजच्या सरकारी अकादमीत अनुसूचित जातींना राखीव जागा आहेत. पण शेतमजुराने फी आणायची कुठून? केंद्राच्या 2007 च्या ‘टॉप क्लास’ योजनेत खासगी फ्लाइंग क्लबच्या शिक्षणासाठी मदतीची मर्यादा होती वर्षाला 3.72 लाख! जागा राखीव आणि शिडी अर्धीच, याला सामाजिक न्याय म्हणायचे काय?

बाबासाहेबांनी 29 ऑक्टोबर 1942 च्या निवेदनात सरकारकडे विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. केवळ कारकून घडवून समाज वर येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. ती मागणी आजही पुरी झालेली नाही. वैमानिक प्रशिक्षणाचा पूर्ण खर्च सरकारने उचलावा, हे मोर्चात ठणकावून सांगितले पाहिजे.

तोवर पालकांनी एवढे करावे. दहावीनंतर गणित सोडू देऊ नका. एक रुपयाही भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा आहे म्हणून घाबरू नका. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, मोठ्या विमानाचे प्रशिक्षण पुढे वेगळे घ्यावे लागते, हेही ध्यानात ठेवा. एजंटाच्या शब्दावर शेत विकू नका.

जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नव्हता. आभाळाचा तर कुणाच्याच नावावर नाही. मग तिथे आपली नोंद का नसावी?

जय भीम!