माळावरची सायकल आणि चढावरचे हृदय

सोमवारची ओपीडी संपत आली होती. पन्नाशी ओलांडलेले एक शिक्षक समोर येऊन बसले. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहणारे. मुलाने वाढदिवसाला दिलेली गिअरची सायकल रोज पहाटे माळावर चालवायचे. काय होते म्हणून विचारले, तर हसून म्हणाले, "मोठं काही नाही साहेब, गॅस होते. तांड्याकडच्या चढावर छाती भरून येते, ढेकर द्यावा वाटते. उतार लागला का मोकळं होऊन जाते."

"कधीपासून?"

"दीड महिना झाला असंल. आधी चढाच्या माथ्यावर गेलो का व्हायचं. आता पायथ्याशीच सुरू होते."

हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर मी त्यांना घरी जाऊ दिले नाही. ईसीजी काढला, तो चांगला आला. त्यांना हायसे वाटले, मला वाटले नाही. छातीतला जडपणा श्रमाने येतो आणि थांबल्यावर जातो, तेव्हा तो बहुधा पोटाचा नसतो, हृदयाचा असतो. गॅसला चढ-उतार कळत नाही. त्यात दीड महिन्यापूर्वी माथ्यावर होणारा त्रास आता पायथ्याशी होऊ लागला होता, म्हणजे दुखणे वेगाने पुढे सरकत होते. अशा रुग्णाला आम्ही ट्रेडमिलवर पळवून बघत नाही, कारण त्यातच धोका असतो. त्यांना दाखल केले आणि अँजिओग्राफीसाठी पुढे पाठवले. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या प्रमुख वाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला आणि हृदयाचा झटका टळला.

त्यांच्या घरच्यांचे मत एकच होते, "सायकलनेच केलं हे." माझे मत नेमके उलटे आहे. अडथळा सायकलने केला नव्हता, तो कित्येक वर्षांपासून साचत आला होता. सायकलने तो वेळेत दाखवून दिला.

आपला माळ कमी नाही

मी स्वतः काही वर्षांपासून रविवारी सकाळी सायकल घेऊन बाहेर पडतो. कारण ठरला माझा भाचा. तो नोकरीनिमित्त स्पेनमध्ये असतो. तिकडच्या ग्रामीण भागात 'देहेसा' नावाची कुरणे आहेत. लांबवर पसरलेले उंचसखल गवताळ रान, त्यात मोकळे अंतर राखून उभी सदाहरित ओकची झाडे, खाली चरणारी गुरे, मेंढ्या आणि ओकची फळे खाणारी डुकरे. त्या रानातल्या कच्च्या वाटांवर लोक जाड टायरच्या सायकली घेऊन फिरतात. भाच्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, ओकच्या जागी पळस लाव, हा आपलाच माळ आहे."

त्याचे खोटे नव्हते. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे वाशीम जिल्ह्यात शिरतात. मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा या भागांत मुरमाड टेकड्या, पळस, बाभूळ, मोह, निंब आणि गावोगावच्या ई-क्लास जमिनी आहेत. शेताशेतांमधून जाणारे पांदण रस्ते आहेत. तिकडे गुरांच्या जुन्या वाटांना १९९५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्या वाटांवर पहिला हक्क जनावरांचा, पण पायी चालणाऱ्याला आणि सायकलस्वारालाही मुभा आहे. आपल्याकडे पांदण अतिक्रमणाने अरुंद होते आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात बंद पडते. तरी दिवाळीपासून होळीपर्यंत या वाटा कोरड्या, टणक आणि सुंदर असतात. वाहनांचा धूर नाही, हॉर्न नाही.

चढ हृदयाकडून काय मागतो?

सपाट डांबरी रस्त्यावर निवांत सायकल चालवताना शरीर विश्रांतीच्या सुमारे चौपट ऊर्जा खर्च करते. तीच सायकल उंचसखल कच्च्या वाटेवर घातली की हा खर्च साधारण साडेआठ पटींवर जातो. साधा हिशेब पाहा. शंभर मीटर अंतरात पाच मीटर चढणारी वाट डोळ्यांना जवळपास सपाटच दिसते. पण सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल त्याच वेगाने वर न्यायची, तर पायांना दुपटी-तिपटीने काम करावे लागते. मांड्यांचे मोठे स्नायू रक्त मागतात, हृदय जोरात आणि भरभर धावते. त्या वेळी हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही जास्त रक्त लागते. वाहिन्या मोकळ्या असतील तर ते मिळते. अरुंद असतील तर बसल्या जागी पुरेसे वाटणारे रक्त चढावर कमी पडते आणि छाती भरून येते. शिक्षकांचा ईसीजी चांगला आला तो याचमुळे. तो खुर्चीवर बसलेल्या हृदयाचा होता, चढावरच्या नव्हे.

हेच चढ-उतार औषधही आहेत. थोडा जोर, थोडी विश्रांती, पुन्हा जोर, अशी लय हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढवते, रक्तातली साखर स्नायूंत खेचते, रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली तरी पहिली अट पूर्ण होते.

आधी तपासणी, मग टेकडी

वय चाळिशीच्या पुढे असेल आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू-सिगारेट किंवा घरात कमी वयात हृदयविकार, यांपैकी काहीही असेल, तर टेकडी गाठण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. पूर्वी स्टेंट किंवा बायपास झाली असेल तर त्यांच्या सल्ल्याशिवाय चढावर जाऊच नका.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सपाट रस्ता. मग एक लहान चढ. दमलात तर उतरून सायकल हाती धरून चाला, त्यात कमीपणा नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे पाच हजार किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. पण त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. ती बातमी वाचून दुसऱ्याच दिवशी चाळीस किलोमीटर मारणारे पुढच्या सोमवारी ओपीडीत भेटतात.

जोर किती लावावा? सायकल चालवताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. नाडी मोजायची असेल तर २२० मधून वय वजा करा. हा ढोबळ कमाल आकडा. मध्यम व्यायामात नाडी त्याच्या ५० ते ७० टक्के असावी. पन्नाशीच्या माणसाला हे मिनिटाला साधारण ८५ ते ११९ ठोके होतात. नाडी मंद करणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा हिशेब फसतो, तिथे बोलण्याचीच कसोटी वापरा.

चढावर छाती भरून आली, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखला, अकारण थंड घाम सुटला, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि बसा. थांबल्यावर बरे वाटले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही मिनिटांत कमी झाले नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः सायकल चालवत परत येऊ नका. मधुमेहींमध्ये छाती न दुखता नुसता दम लागतो किंवा गळाल्यासारखे होते, तेही तितकेच गंभीर माना.

गुडघा, हात आणि साखर

माझ्याकडे येणाऱ्या सायकलस्वारांची सर्वांत जास्त तक्रार गुडघ्याची असते आणि तिचे कारण बहुतेक वेळा खाली असलेली सीट हे असते. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा, इतकी सीट वर घ्या. चढावर हलका गिअर टाका, पाय भरभर फिरू द्या. जड गिअरवर रेटा दिला की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस हँडलवर दाबली जात आहे. पकड बदलत राहा, हातमोजे वापरा. बैठकीचा भाग बधिर होत असेल तर सीटचा कल आणि रुंदी तपासा, तिकडे दुर्लक्ष करू नका. सायकलवर शरीराचे वजन हाडांवर फारसे येत नाही, म्हणून हाडांसाठी आठवड्यातून दोन दिवस चालणे आणि वजनाचे व्यायामही हवेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी माळावर जाऊ नये. खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर खाऊन पंधरा मिनिटे थांबावे. बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी परता. उन्हात घाम थांबून अंग तापले किंवा बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात आहे. त्या माणसाला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

उतार, काटे आणि साप

चढ हृदयाची परीक्षा घेतो, उतार हाडांची. मुरमावर वळताना पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरते आणि माणूस हातावर पडतो. मनगट आणि गळ्याजवळची हासळी सर्वांत आधी मोडतात. उतार लागण्यापूर्वीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा, वजन मागे ठेवा. हेल्मेटशिवाय निघूच नका. डोक्याला मार लागल्यावर उलटी, झोपाळूपणा, विसरणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांतले काहीही दिसले तर थेट रुग्णालय. खरचटलेली जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

बाभळीचे काटे ट्यूब फोडतात, म्हणून पंक्चरचे सामान सोबत ठेवा. ट्यूब बदलायला गवतात बसण्यापूर्वी जागा नीट पाहा. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला अवयव स्थिर ठेवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, या चौघांच्या विषावर एकच लस चालते. रोही किंवा रानडुक्कर दिसले तर थांबा, वाट त्यांना द्या. गुरांचा कळप आला तर सायकलवरून उतरा, गुराख्याशी दोन शब्द बोला. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका. शक्यतो एकटे जाऊ नका आणि कोणत्या वाटेने जाणार ते घरी सांगून निघा.

ते शिक्षक स्टेंटनंतर काही आठवडे नुसते चालले. मग हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून परवानगी दिल्यावर सायकलवर बसले, आधी गावाच्या सपाट रस्त्यावर आणि थंडी सुरू झाल्यावर तांड्याच्या चढावर. परवा तपासणीला आले होते. रक्तदाब चांगला होता, गोळ्या वेळेवर चालू होत्या, तंबाखूची पुडी खिशातून गेली होती.

"चढावर काही होते का?" मी विचारले.

"दम लागते साहेब, पण छाती भरत नाही. अन् आता पत्नीलाही सायकल घेतली. ती पुढं असते, मी मागं."

मी पुढची तारीख लिहून दिली आणि त्यांच्या पत्नीला पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला सोबत आणायला सांगितले.