जुन्नरचे शिलालेख, आंबेगावचे मोडी कागद आणि मजकूर-संपादकातील समांतर पूरके

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख, मानमोडी डोंगरातील महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख, आणि लेण्याद्री व शिवनेरी येथील दानलेख ही जुन्नरची अभिलेखसंपत्ती अभ्यासकांच्या परिचयाची आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव-मंचर भागाच्या उत्तरकालीन इतिहासाकडे वळताच मोडी कागदांशी गाठ पडते. या साधनांचे लिप्यंतर आज संगणकावर होते, आणि एकाच टाचणात ब्राह्मी, मोडी, देवनागरी व रोमन अशा चार लिप्या एकत्र येऊ शकतात. ज्या मजकूर-संपादकात, म्हणजे टेक्स्ट एडिटरमध्ये, हे काम होते त्याची रचना पाठाच्या विश्वसनीयतेवर कसा परिणाम करते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

समांतर पूरके का निर्माण होतात

काही संपादक विस्तारक्षम असतात. म्हणजे मूळ कार्यक्रमाला हात न लावता वापरणारा त्यात नवी सोय घालू शकतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रसृत केलेला ग्नू ईमॅक्स हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचा बराच मोठा भाग लिस्प या भाषेत लिहिलेला असून तो चालू असतानाही बदलता येतो. अशा सोयींना येथे ‘पूरके’ म्हटले आहे. ज्याला जी उणीव भासली त्याने ती आपल्या परीने भरून काढली, आणि परिणामी एकाच कामासाठी अनेक पूरके उभी राहिली.

देवनागरी लेखनाच्या बाबतीत हेच घडले. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स, संस्कृतज्ञांत रूढ असलेली क्योटो-हार्वर्ड आणि भारतीय मानक १३१९४ मध्ये १९९१ साली समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट या तिन्ही लेखनपद्धती ईमॅक्समध्ये उपलब्ध आहेत. ‘श’ उमटविण्यासाठी आयट्रान्समध्ये एस व एच या दोन कळा लागतात, तर क्योटो-हार्वर्डमध्ये झेड ही एकच. पहिल्या दोन पद्धती रोमन उच्चारानुसारी आहेत. तिसरी वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली आहे. यांपैकी कोणतीही निरर्थक नाही. प्रत्येकीमागे एका वर्गाची सवय उभी आहे.

भेदांचे दोन प्रकार

एकीकरणाचा विचार करताना प्रथम एक विवेक करणे अगत्याचे आहे. काही भेद हाताचे असतात, तर काही पाठाचे. ‘श’ कोणत्या कळेने उमटला हा भेद हाताचा. अंती साठविले जाणारे अक्षर एकच असते. पाठाचा भेद त्याहून गंभीर होय, कारण तो पडद्यावर दिसत नाही.

‘लेण्याद्रीच्या पायऱ्या’ हे शब्द घ्यावेत. यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो: नुक्तायुक्त ऱ व हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य संयोजक यांनी. अक्षराची आकृती तीच दिसते, पण संगणकाच्या लेखी या दोन निरनिराळ्या माला ठरतात. एका पूरकाने पहिली आणि दुसऱ्याने दुसरी माला दिली, तर शोध घेताना निम्मी टाचणे हाती लागत नाहीत, आणि ती लागली नाहीत हेही कळत नाही.

अयमाच्या लेखातील वर्ष याहून बोलके आहे. तेथे ४० चे एक चिन्ह व त्यापुढे ६ चे एक चिन्ह आहे. ही स्थानमूल्याची नव्हे, बेरजेची पद्धती होय. ब्राह्मी लिपी २०१० मध्ये युनिकोडमध्ये आली तेव्हा १ ते ९, १० ते ९०, १०० आणि १००० यांची वीस चिन्हे, आणि त्यांखेरीज शून्यासह दहा स्थानमूल्यी अंक, असे दोन स्वतंत्र संच ठेवण्यात आले. एखाद्या पूरकाने चार व सहा या कळांवरून स्थानमूल्यी अंक उमटविले, तर त्या शिलेवर नसलेली गणनपद्धती पाठात शिरते. मोडीतही असाच प्रश्न आहे. मोडी लेखनात इ-उ यांचा ह्रस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. २०१४ मध्ये युनिकोडात आलेल्या मोडीत मात्र दोहोंसाठी स्वतंत्र स्थाने आहेत. देवनागरीच्या सवयीने शुद्धलेखन ‘सुधारणारे’ पूरक मूळ कागदाचा पुरावाच पुसून टाकते.

पूर्वीचे दाखले

ईमॅक्सच्या इतिहासात एकीकरणाचे अनेक प्रसंग आढळतात. बहुभाषी लेखनासाठी जपानमध्ये, त्सुकुबा येथील इलेक्ट्रोटेक्निकल प्रयोगशाळेत, म्यूल हा ईमॅक्सचा स्वतंत्र विस्तार सिद्ध झाला होता. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत तो मूळ संपादकात विलीन झाला. २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून अंतर्गत साठवण युनिकोडाधिष्ठित झाली. भारतीय लिप्यांच्या लेखनपद्धती आज एकाच यंत्रणेवर चालतात. निराळी असते ती केवळ वर्णांची कोष्टके. एकीकरणाचे हे रूप सर्वांत निर्दोष म्हणावे लागेल, कारण यंत्रणा एक झाली तरी कोणाचा हात मोडला नाही.

इतर दाखले भिन्न आहेत. ओळींना क्रमांक देणारे जुने लिनम हे पूरक मोठ्या दस्तऐवजात मंदावत असे. २०१८ च्या सव्विसाव्या आवृत्तीत ते काम संपादकाच्या गाभ्यातच घेण्यात आले, आणि जुने पूरक पुढे कालबाह्य ठरविले गेले. २०२३ च्या एकोणतिसाव्या आवृत्तीत एग्लॉट हे पूरक मूळ संपादकात आले, तरी त्याच क्षेत्रातील एलएसपी-मोड बाहेर स्वतंत्रपणे चालू राहिले. ईमॅक्सच्या गाभ्यात मोठी भर घालण्यासाठी लेखकांना स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवावा लागतो. अनेक हातांनी घडलेल्या पूरकाच्या बाबतीत ही अट सोपी नसते. कोणते पूरक आत येते हे केवळ गुणवत्तेवर ठरत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

एकीकरणाचा क्रम

या दाखल्यांवरून एक क्रम सुचतो. प्रथम प्रत्येक पूरक काय उमटविते याची नोंद करावी, व ती कळांवरून नव्हे तर साठविलेल्या वर्णांवरून करावी. नंतर पाठाचे भेद वेगळे काढून त्यांचा निर्णय लिप्यांच्या जाणकारांनी करावा. तो कार्यक्रम लिहिणाऱ्यावर सोडू नये. हाताचे भेद मात्र कोष्टकांच्या रूपाने जसेच्या तसे राखावेत. कसोटीसाठी मूळ लेखातील निवडक ओळी घ्याव्यात: अयमाचे वर्ष, नाणेघाटातील दानांच्या मोठ्या संख्या, मोडीतील चार ओळी. सर्व पद्धतींनी लिहिल्यावर एकच वर्णमाला मिळाली पाहिजे. अखेरीस जुनी नावे एकदम काढून न टाकता ती नव्या सोयीकडे वळवावीत आणि वापरणाऱ्याला तशी सूचना द्यावी.

स्पर्धेतूनच सुधारणा होते, अकाली एकीकरणाने प्रयोग खुंटतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एकी पाठापुरती मर्यादित असावी. हाताला स्वातंत्र्य असावे. नाणेघाटातील लेख कोरणाऱ्याची छिन्नी कोणती होती हे आज कोणी विचारीत नाही. त्याने कोरलेले चिन्ह मात्र दोन हजार वर्षांनंतरही तेच वाचले जाते, आणि आजच्या टाचणांनाही हीच कसोटी लागू आहे.